सतरा एकरांचं आवार आणि गवत कापायची गाडी : प्रकल्प नोंदी, २०२५

२ एप्रिल

संस्थेच्या बैठकीत आज बसून चालवायच्या मोवरला मंजुरी मिळाली. मागच्या सप्टेंबरपासून मी हा विषय लावून धरला होता. तेव्हा एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मावशी मागच्या गवतातून सरपण आणायला निघाल्या आणि त्यांच्या पायाला घोणस चावली. अर्ध्या तासात दवाखाना गाठला, सर्पदंशाची लस लगेच सुरू झाली, मावशी वाचल्या. पायाची सूज मात्र दोन महिने राहिली आणि अजूनही त्या तो पाय जपून टाकतात. तिथलं गवत त्या दिवशी कमरेएवढं होतं, कारण आमची जुनी मशीन जुलैपासून बंद होती.

पारोळा-अमळनेर रस्त्यावरची ही निवासी शाळा. सतरा एकर जमीन, बहुतेक काळी, मागे थोडा मुरुमाचा चढ. १८० मुलं इथे राहतात. पावसाळ्यात आठवडाभर गवताकडे पाहिलं नाही तर वाटा दिसेनाशा होतात.

सचिव सरांनी विचारलं, "कोणती कंपनी घ्यायची?" मी म्हटलं, आधी जुनी मशीन कशानं गेली ते उघडून बघतो, मग सांगतो. अट एकच ठरली : नवी मशीन निदान दहा पावसाळे चालली पाहिजे.

९ एप्रिल

अमळनेरहून लेथवाले नाना आले. जुनी मशीन जॅकवर घेतली, डेक, म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं कवच, सोडवून उलटा केला. एका माजी विद्यार्थ्यानं २०१९ साली प्रेमानं दिलेली ४२ इंची, म्हणजे तेवढ्या रुंदीचा पट्टा कापणारी, मशीन. मीटरवर २१६ तास. एवढ्यात मशीन जायला नको होती, म्हणून एकेक भाग सावकाश पाहिला.

डेकचा पत्रा सीटखाली, रंग शाबूत आहे तिथे, व्हर्नियरनं, म्हणजे जाडी मोजायच्या मापानं, १.९ मिमी भरला, म्हणजे १४ गेज. गवत बाहेर पडतं त्या तोंडापाशी ०.८. अंगठ्यानं दाबला तर दबतो. ओलं गवत डेकच्या पोटाला चिकटतं, तिथेच आंबतं आणि पत्रा पावसाळाभर ओला राहतो. शिवाय हा डेक एकाच पत्र्यातून दाबून काढलेला, त्यामुळे वळणाच्या जागी पत्रा मुळातच ताणलेला.

स्पिंडल म्हणजे पातं फिरवणारा दांडा, त्याचं घर ॲल्युमिनियमचं. उजव्या घराला तडा होता. तो केव्हाचा तेही मला आठवतं : मागच्या चढावर मुरुमातल्या दगडाला पातं आपटलं होतं, त्या दिवसापासून थरथर सुरू झाली. आत ६२०३ नंबरची बेअरिंगं. स्पिंडलवर ग्रीसचं निपल होतं आणि दर पंधरवड्याला आम्ही गन लावून ग्रीस भरत होतो. नानांनी बेअरिंग काढून माझ्या हातात दिलं. दोन्ही बाजूंना रबरी सील. आम्ही भरलेलं ग्रीस घरात गच्च साठलं होतं, गोळ्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. निपल असेल तर बेअरिंगची आतली बाजू उघडी हवी, नाहीतर त्या निपलाचा उपयोग नाही. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही उघडून पाहिलं नव्हतं. वर दर आठवड्याला पाइपनं जोरात पाणी मारून डेक धूत होतो. बेअरिंगच्या गंजाला तेच पाणी कारण. ही चूक आमची.

गिअरबॉक्स हायड्रोस्टॅटिक. पायाचा पेडल दाबला की पुढे, उलटा दाबला की मागे, क्लच नाही. आत तेल दाबणारा पंप आणि त्या तेलावर फिरणारी मोटर. गार असताना गाडी नीट चाले, अर्ध्या तासानं चढावर जागीच थांबे. तेल तापून पातळ झालं आणि आतले भाग झिजले की दाब टिकत नाही. गिअरबॉक्सवरचा थंड करायचा पंखा आम्हाला गवताच्या गुंडाळ्यात सापडला. तेल बदलायला तळाशी बूच नव्हतंच, पेटी कायमची बंद.

शेवटी बॅटरी लावून नानांनी चावी फिरवली. इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं, आवाज स्वच्छ.

मशीन बघायला येणारा प्रत्येक माणूस आधी एचपी विचारतो. इथे इंजिन सोडून बाकी सगळं आधी मेलं. वहीच्या पहिल्या पानावर क्रम लिहून ठेवला : डेक, स्पिंडल, गिअरबॉक्स, सुटे भाग, मग इंजिन.

१६ एप्रिल

टेप धरून दोन दिवस आवार मोजलं. मैदान २ एकर १० गुंठे, वर्ग आणि वसतिगृहांभोवती १ एकर ३० गुंठे, आंब्या-निंबांच्या ओळींत २ एकर. मशीननं कापायचं एकूण क्षेत्र ६ एकर.

विहिरीकडच्या तीन एकरांत मारवेल आणि पवन्या हे चाऱ्याचं गवत येतं. तेही या यादीत होतं, पण मोजणी चालू असताना गावातल्या दोघी बाया बांधावर येऊन उभ्या राहिल्या. त्यातली थोरली म्हणाली, "हाई गवत बारीक करीसन टाकशात, मंग आमना ढोरे काय खातीन?" तिचं म्हणणं रास्त आहे. मोवरनं कापलेला चुरा ढोरांना घालता येत नाही. ढीग लावला की तापतो, आंबतो, पोट बिघडवतो. विळ्यानं कापलेली पेंढी ती पेंढी. ते तीन एकर यादीतून काढले. बायांनी गवत न्यावं, बदल्यात वाटेच्या दोन्ही बाजू हातभर साफ ठेवाव्यात, असं ठरलं.

शेततळ्याचा बांधही काढला. त्याचा उतार दीडास एक, म्हणजे साधारण ३४ अंश. बसून चालवायच्या बहुतेक मशीनच्या पुस्तिका १०-१५ अंशांपुढे नेऊ नका म्हणून सांगतात. तिथे पाठीवरचा ब्रश कटरच.

गाजरगवताचं वेगळं लिहून ठेवतो. मोवरनं कापलं तर ते बुडातून पुन्हा फुटतं आणि आणखी बुटकं होऊन फुलतं. फुलाआधी, ओल असताना, हातमोजे घालून उपटायचं. मुलांना हे काम द्यायचं नाही, अंगावर खाज उठते.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आवार रिकामं, निंबाला झोके बांधलेले. काम बंद.

८ मे

चार मशीनच्या पुस्तिका वाचून काढल्या. रुंदीचा हिशेब असा केला : ६ एकर म्हणजे सुमारे २४,३०० चौरस मीटर. ताशी ५ किमी वेग, शेजारच्या दोन पट्ट्यांत एकमेकांवर चढणारे १० सेंमी, वळण्यात आणि अडथळ्यांत जाणारा पाचवा हिस्सा वजा.

४२ इंची डेकला एका फेरीला सव्वासहा तासांच्या आत-बाहेर, ४८ इंचीला साडेपाचच्या आत, ५४ इंचीला पाचच्या आत. ४२ वरून ४८ वर गेलं तर जवळपास तास वाचतो, त्यापुढे त्याहून कमी. शिवाय दोन वसतिगृहांच्या मधलं फाटक साडेचार फुटी. ५४ इंची डेक त्यात घासतच जाईल आणि बाजूचं गवत फेकायचं झाकण धरलं तर जाणारच नाही. म्हणून ४८.

जुलै ते ऑक्टोबर दर आठ-दहा दिवसांनी एक फेरी, म्हणजे बारा-तेरा फेऱ्या, सत्तरेक तास. उन्हाळ्यातलं किरकोळ धरून वर्षाला ८०. दहा वर्षांत ८०० तास. गोल्फच्या मैदानावर एवढे तास एका-दोन वर्षांत होतात. म्हणजे आम्हाला सगळ्यात जड व्यावसायिक मशीन नको आणि बंगल्याच्या हिरवळीसाठीची हलकीही नको. तासांचा हा हिशेब आधी केला नसता तर पैसे एका नाहीतर दुसऱ्या बाजूला वाया गेले असते.

नावांमागे जाऊन उपयोग नाही, हे पुस्तिका वाचताना पटलं. एकच कारखाना दोन्ही प्रतींचा माल काढतो. कावासाकीची एफआर मालिका घरगुती मशीनसाठी आणि एफएक्स व्यावसायिक, त्यामुळे 'कावासाकी इंजिन आहे' एवढ्यावर भागत नाही. टफ टॉर्क कंपनीचा के४६ गिअरबॉक्स हलक्या कामाचा आणि के६६ जड कामाचा. हायड्रो-गिअरचंही तसंच, ईझेडटी वेगळा आणि झेडटी-३१०० वेगळा. बॉनेटवरचा रंग बघून यातलं काही कळत नाही. खाली वाकून गिअरबॉक्सवरची पट्टी वाचावी लागते.

पत्र्याचंही लिहून ठेवतो, कारण गेजचा आकडा उलटा चालतो. १४ गेज १.९ मिमी, १२ गेज २.७, ११ गेज ३, १० गेज ३.४. आकडा लहान तितका पत्रा जाड. विक्रेता गेज सांगेल, आपण मिमी विचारायचं आणि व्हर्नियर खिशात ठेवायचा.

२० मे

जिभाऊ आले होते. शेजारच्या वावराचे मालक, तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ट्रॅक्टर काबर नही लेतस तुम्ही? डिझेलवर चालस, मिस्तरी गावात शे."

हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. १८-२४ एचपीचे छोटे ट्रॅक्टर आता सहज मिळतात. महिंद्राचा जीवो, कुबोटाचा निओस्टार, व्हीएसटीचा १८.५ एचपीचा. मागे रोटरी स्लॅशर लावला की गवत कापलं जातं, वर्षभर ट्रेलरही ओढता येतो. टिकाऊपणात आणि मिस्तरी मिळण्यात ट्रॅक्टर पुढे आहे, हे मी जिभाऊंना मान्य केलं.

पण आम्ही मैदानावर जाऊन बघितल्यावर दोन अडचणी दिसल्या. पहिली वजनाची : स्लॅशरसकट हजार किलोच्या आसपास. ऑगस्टमधल्या काळ्या जमिनीवर त्याची चाकोरी पडली की ती दिवाळीपर्यंत राहते आणि मुलं त्यावर कबड्डी खेळतात. दुसरी अशी की पुढच्या चाकांनी दाबलेलं गवत मागचा स्लॅशर नीट उचलत नाही, मागे पट्टे राहतात. शिवाय स्लॅशर वावरातलं रान साफ करायला उत्तम, पण उडणारा दगड अडवायला त्याला साखळ्यांपलीकडे फारसं काही नसतं. वर्गांच्या काचांपासून वीस फुटांवर तो चालवायला माझं मन धजत नाही.

जिभाऊ मान हलवत म्हणाले, "मंग आंबाना खाले तरी माना ट्रॅक्टर बलावा." तेवढं कबूल केलं. आंब्याच्या ओळीत पावसाळ्याआधी एकदा त्यांचा स्लॅशर फिरेल.

२७ मे

मे महिन्यातच पाऊस लागला. गवत महिनाभर आधी उठणार.

नाशिकला जाऊन वापरलेली एक मोठी मशीन बघितली. जाड डेक, डिझेल इंजिन, किंमत आमच्या आवाक्यात. मीटर २,१०० तासांवर. पातं हातानं धरून वर-खाली हलवलं तर स्पिंडल खडखडला. तो बदलता आला असता. डेकला स्पिंडल बसतो त्या जागी आतून वेल्डिंगचे तीन जुने डाग दिसले. ते बदलता येत नाहीत. मालकानं मशीन आधीच गरम करून ठेवली होती, म्हणून मी चहा घेऊन तासभर बसलो, गार झाल्यावर सुरू करायला सांगितली आणि नंतर पुन्हा पूर्ण तापू दिली. तापल्यावर डावं चाक उजव्याच्या मागे पडू लागलं. परत आलो.

११ जून

पेट्रोलचा प्रश्न. याच्यावर आठवडा गेला.

आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. मी वाचलेल्या चारपैकी तीन पुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने राहिलं तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, कार्बोरेटरची बारीक भोकं बुजतात, जुन्या जातीच्या रबरी नळ्या फुगतात. आमची मशीन वर्षातले सात-आठ महिने उभीच असणार, म्हणजे हा धोका आम्हाला मोटरसायकलवाल्यापेक्षा जास्त.

ज्यांच्या मशीन विचारात होत्या त्या तिन्ही विक्रेत्यांना एकच प्रश्न लिहून पाठवला : ई२० वापरल्यावर इंजिनाची हमी कायम राहते का? उत्तर लेखी द्या. एकानं फोन करून "काही होत नाही हो" म्हणून सांगितलं, लिहून दिलं नाही. दुसऱ्याचं उत्तर आलं नाही. तिसऱ्यानं इंजिनाचा नंबर, नळ्यांची जात आणि हमीचं वाक्य संस्थेच्या नावानं पत्रावर दिलं. तोंडी आश्वासनावर संस्थेचे पैसे घालायचे नाहीत, हे माझं ठाम मत आहे.

१८ जून

आणखी एक परीक्षा घेतली. मशीन ठरवण्याआधीच पहिल्या आणि तिसऱ्या विक्रेत्याकडे त्यांच्या मशीनचा डेकचा पट्टा, म्हणजे पाती फिरवणारा बेल्ट, मागवला, रोख पैसे भरून. मोवरचा पट्टा बाजारातल्या साध्या बी सेक्शनच्या पट्ट्यासारखा दिसतो, पण आत अरामिड नावाचा मजबूत धागा असतो आणि तो पाठीवरच्या पुलीवर उलटाही वाकतो. साधा पट्टा तिथे थोडेच दिवस टिकतो. म्हणून तो मूळचाच लागतो आणि नेमका ऐन ऑगस्टात तुटतो.

२५ जून

तिसऱ्याचा पट्टा पाचव्या दिवशी पारोळ्याला आला. पहिल्याकडून अजून पावतीसुद्धा नाही.

आज प्रात्यक्षिक. पहाटे सर पडून गेली होती, जमीन ओलसर. मला अशीच हवी होती. विक्रेता म्हणाला की कोरड्यात दाखवतो, मी नको म्हटलं.

आधी झीरो टर्न. दोन दांड्यांवर चालते, मागची दोन चाकं वेगवेगळी फिरतात, पुढे नुसती भिंगरीची चाकं. मैदानावर झाडांभोवती ती इतकी सुरेख वळली की बघत राहावं. कामाचा वेग निर्विवाद जास्त. पण जागच्या जागी वळताना आतल्या चाकानं ओल्या काळ्या मातीत हरळी मुळासकट पिळून काढली. मुरुमाच्या चढावरून उतरताना ती घसरली, कारण थांबवणं आणि वळवणं दोन्ही त्याच मागच्या चाकांवर. आमच्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पुढचं छोटं चाक त्यात गेलं तर बसणाऱ्याला हिसका बसेल. सपाट, लाल किंवा मुरमाड जमीन असती आणि चालवायला एकच कसलेला माणूस असता तर मी हीच घेतली असती.

मग दुसरी : स्टीअरिंगची, इंजिन पुढे, डेक मधे, जड चेसिसची. ट्रॅक्टरच्याच रूपाची, पण वजन ३८० किलो. मागची चाकं २३ इंची आणि रुंद, त्यामुळे चाकोरी दोन बोटांहून कमी. मी खाली आडवा होऊन बघितलं : डेक दाबून काढलेला नाही, पत्रे कापून वेल्ड केलेला, ३ मिमी भरला, तोंडापाशी आणखी एक पट्टी. स्पिंडलची घरं बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. बेअरिंग ६२०५, भोक २५ मिमी. जुन्यातल्या ६२०३ चं १७ मिमी होतं. विक्रेत्याच्या माणसाकडून एक सुटा स्पिंडल उघडून घेतला : बेअरिंगची आतली बाजू उघडी, ग्रीस गोळ्यांपर्यंत जाणार. गिअरबॉक्सला तेल काढायचं बूच आणि बदलायचं फिल्टर. इंजिन दोन सिलिंडरचं, तेल पंपानं दाबून फिरवणारं, बाहेर फिल्टर. नुसतं तेल उडवून वंगण देणारं इंजिन कलत्या जमिनीवर मला नको होतं.

आमचा चालवणारा मुलगा आणि जिभाऊ, दोघांनाही दहा मिनिटांत ती जमली. दोन तास चढावर चालवली, तापवली, चढाच्या मधोमध थांबवून पुन्हा सुरू केली. चढली.

३ जुलै

तीच घ्यायची ठरली. बैठकीत मी रक्कम सांगण्याआधी दहा वर्षांचा खर्च मांडला. सोबत घ्यायचे भाग बिलातच लिहून घेतले : एक पूर्ण स्पिंडल, पात्यांचे दोन संच, पट्टा एक (एक आधीच आहे), पट्टा ताणून धरणारी आयडलर पुली, तेल-हवा-पेट्रोलचे फिल्टर. बेअरिंग नाही घेतलं, ६२०५ धुळ्यात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं.

जुन्या मशीनचं इंजिन नाना मागत होते. दिलं. ते त्याला पाण्याचा पंप जोडणार आहेत.

१९ जुलै

मशीन आली. पहिला दिवस कापण्यात घालवला नाही.

चारही चाकांची हवा गेजनं सारखी केली. एका बाजूला हवा कमी असेल तर डेक तिरपा बसतो आणि गवत पायऱ्यापायऱ्यांनी कापलं जातं. मग सपाट फरशीवर डेकची उंची मोजली, पुढचं टोक मागच्यापेक्षा पाव इंच खाली.

चाकांचं आमच्याकडचं खास दुखणं म्हणजे बाभळीचा काटा. जुन्या मशीनची चाकं ट्यूबलेस होती आणि नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे दर आठवड्याला फेरी ठरलेली. या वेळी कापायला सुरुवात करण्याआधीच चारही चाकांत पंक्चर बुजवणारं सीलंट भरून घेतलं. मुलांसोबत कुंपणालगतच्या बाभळीच्या फांद्या आणि पडलेले काटे वेचले. पाच पाट्या निघाल्या.

नियम लिहून शेडमध्ये लावले. अमेरिकी मानकात पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे ताशी सुमारे ३४७ किमी. त्या वेगानं उडालेला खडा काय करेल हे मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही. मुलं वर्गात असतील तेव्हाच कापायचं. आधी पायी फिरून दगड, तारा, ठिबकच्या नळ्या उचलायच्या. डेकचं गवत फेकणारं तोंड कायम वर्गांच्या उलट दिशेला. मांडीवर कुणालाही बसवायचं नाही, कितीही लाडका असला तरी.

२१ जुलै

पायी फिरताना मैदानाच्या ईशान्य कोपऱ्यात टिटवीची चार अंडी सापडली. खड्यांत खड्यांसारखी. मादी डोक्यावर ओरडत राहिली. आठ फुटांचं वर्तुळ चुन्यानं आखून सोडलं. जिभाऊ म्हणाले, टिटवीनं यंदा उंचावर घातली, पाऊस भरपूर.

पहिली फेरी पावणेसात तासांची झाली, कारण गवत उंच होतं. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापायचं नाही, म्हणून आधी डेक वर ठेवून एकदा कापलं, दोन दिवसांनी खाली घेऊन पुन्हा कापणार. कायमची उंची तीन इंच ठरवली. फार बुडाशी कापलं की गवत विरळतं आणि मोकळ्या जागेत गाजरगवत येतं.

३ ऑगस्ट

रविवार, खानदेशातला कानबाईचा सण. निम्मं गाव रोटाच्या जेवणात. मशीन बंद. टिटवीची पिल्लं निघाली आहेत.

२२ ऑगस्ट

पोळा. मीटरवर २६ तास. पहिलं तेल पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आधीच बदललं होतं. त्यात धातूची चमकी दिसली, नव्या इंजिनात एवढी दिसणारच.

डेक धुणं बंद केलंय. कापून झालं की डेक वर घ्यायचा, चावी काढायची, स्पार्क प्लगच्या टोप्या काढायच्या आणि लाकडी उलथन्यानं पोट खरवडायचं. ओलं असतानाच दहा मिनिटांत निघतं, वाळलं की पाऊण तास. गिअरबॉक्सवरचा पंखा ब्रशनं. रोज.

१२ सप्टेंबर

आज अपघात झाला. माणसाला काही नाही.

आंब्याच्या तिसऱ्या ओळीत गवताखाली लोखंडी खुंटी होती, जुन्या ठिबकच्या वेळची. पायी फेरीत दिसली नाही. डावं पातं तिच्यावर आपटलं, मोठा आवाज झाला. मशीन चालवणाऱ्या मुलानं लगेच पाती बंद केली, इंजिन बंद केलं आणि मला हाक मारली. शिकवल्याप्रमाणे वागला.

पातं दीड सेंमी वाकलं. स्पिंडल हातानं हलवून बघितला, घट्ट. घराला तडा नाही. डेकला आतून एक खोच, पत्रा फाटलेला नाही. पट्टा घसरून निघाला होता. वाकलेलं पातं ठोकून सरळ करायचं नाही. ते परत कधी तुटेल सांगता येत नाही. नवं लावलं, जुन्याचे दोन तुकडे करून भंगारात टाकले, म्हणजे कुणी उचलून लावणार नाही. दोन तासांत मशीन पुन्हा चालू. जुन्या मशीनला अशाच एका धक्क्यानंतर दीड महिना शेडमध्ये काढावा लागला होता.

संध्याकाळी सगळ्या ओळी लोखंडी सळईनं टोचत तपासल्या. आणखी सात खुंट्या निघाल्या.

२ ऑक्टोबर

दसरा. विळे, पहारी, ब्रश कटर, मोवर, सगळ्यांची पूजा. हार मावशींनी आणला आणि मशीनला स्वतः घातला. मग स्वयंपाकघरामागच्या पट्ट्यातून सरपणाच्या खोपीपर्यंत चालत गेल्या. गवत घोट्याखाली होतं. मी मुद्दाम सोबत गेलो नाही, लांबून पाहिलं.

घोणस या वर्षीही दिसली, दोनदा, दोन्ही वेळा कुंपणाच्या दगडांत. वसतिगृहाभोवती एकदाही नाही. अंधारात हातात बॅटरी आणि पायात बूट हा नियम कायम ठेवलाय.

९ नोव्हेंबर

हंगाम संपला. मीटर ६३ तास. पेट्रोल १८० लिटर, तासाला तिनाच्या थोडं खाली. पात्याला धार सहा वेळा. पट्टा तोच. पंक्चर दोन, दोन्ही पुढच्या चाकांना, काटा मोठा होता. पुढच्या वर्षी पुढे ट्यूब घालून बघणार.

पेट्रोल आठवड्यापुरतंच आणत होतो, तेही घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये. आज टाकी रिकामी केली, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा. गरम असतानाच तेल बदललं. स्पिंडलना ग्रीस, जुनं बाहेर डोकावेपर्यंत. डेकच्या पोटाचा पत्रा मोजला : तोंडापाशी ३ मिमी, अजून रंगाखालीच. खुंटीच्या खोचेवर रेड ऑक्साइड लावलं. बॅटरी काढून ऑफिसात ठेवली, महिन्यातून एकदा चार्ज करायची.

उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून सीटखाली आणि बॉनेटखाली बारीक जाळी बसवली. मशीन फळ्यांवर उचलून ठेवली, चाकांवर भार नको.

शेडच्या दारावर पुढची तारीख लिहिली : १५ मे, पट्टा आणि हवा तपासणे.